बोगस नाव

सर्व संबंधितांस, म्हणजे भाषातज्ज्ञांस, शाळामास्तरांस आणि रेवदंड्याच्या बंदरावर उन्हात पाठ शेकत बसणाऱ्या यच्चयावत मांजरांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, ‘बोगस’ हा इंग्रजी शब्द आमच्या कोळीवाड्यात भर दुपारी, भरतीच्या पाण्यावर, मुंबईला मासळी उतरवून परत येणाऱ्या एका होडीतून, बर्फाच्या दोन रिकाम्या पेट्यांच्या मधे बसून आला. तो उतरला तेव्हा बंदरावर मी जातीनं हजर होते. वय वर्षं दहा, डोक्यावर जवळ्याची पाटी, नाक वाहतं. इतिहासाला याहून भरवशाचा साक्षीदार मिळायचा नाही.

शब्द घेऊन आला तो पांडूकाका. माझ्या बाबांचा चुलतभाऊ. अंगानं पिंपासारखा, बिनलग्नाचा, हळदीच्या रात्री बायकांच्यात घुसून नाचणारा. मुंबईला गोदीत हमालीला गेला होता आणि चार महिन्यांत परत आला, कारण तो दुसऱ्याच कुणाच्या तरी पासावर आत जात असे. फाटकावरच्या साहेबानं एके दिवशी पास हातात घेतला, पासावरचा फोटो बघितला, पांडूकाकाचं तोंड बघितलं आणि एकच शब्द उच्चारला. नोकरी गेल्याचं पांडूकाकाला काडीचं दुःख नव्हतं. त्या शब्दानं तो दिपून गेला होता. “काय शबूद हाय!” तो बंदरावरच्या बायकांना सांगत होता. “शिवी न्हाय, मारामारी न्हाय. निस्तं ‘बोगस’ बोलला न् मी फाटकाच्या भायेर! बंदुकीची गोळी हाय गो, गोळी!” चांगुणामावशी, आमची शेजारीण आणि कोळीवाड्याची बिनपगारी न्यायाधीश, पाटीवरच्या माशा वारत म्हणाली, “मुंबैशी लोक सोना आणतान, लुगडी आणतान. ह्यानं काय आणला, तं बोगस.” आणि हा त्या शब्दाचा आमच्याकडचा पहिला वापर. मी ऐकलेला.

पंधरा दिवसांत तो शब्द घरोघर जेवायला बसू लागला. बर्फात दोन दिवस ठेवलेली सुरमई बोगस. आवाज करून पाऊस न पाडणारा ढग बोगस. सोयरीक मोडली की नवरा बोगस, आणि लग्न झालं की सासू. आमच्या शाळेतल्या गुरुजींची शिट्टी बोगस, कारण तिच्यातली गोळी हरवली होती आणि तिच्यातून नुसती फुंकर येई. भांडणात तर त्याची फार सोय झाली. पूर्वी बायका एकमेकींच्या सात पिढ्या काढत, त्याला अर्धा दिवस जाई. आता एका शब्दात काम होई आणि मासळी सुकवायला वेळ उरे. पांडूकाकानं प्रतवारीसुद्धा लावून दिली होती. साधा बोगस, डबल बोगस, आणि त्याच्या वर फक्त सरकारी.

हा शब्द मुळात आला कुठून, हे मी पुढं मोठेपणी शोधलं. मुलांची नाटकं बसवणं हा माझा जन्मभराचा धंदा, त्यामुळे शाळांच्या वाचनालयांत बसायची मला सवय. एका जाडजूड कोशात सापडलं की, हा अमेरिकेतल्या चोरबाजारातला शब्द. खोटी नाणी पाडायचं जे यंत्र असे, त्याला तिकडचे लोक बोगस म्हणत. मग त्या यंत्रातून पडलेल्या नाण्यालाही बोगस म्हणू लागले, आणि नाण्यावरून तो शब्द माणसांवर, कागदांवर, साऱ्या जगावर पसरला. पण त्या यंत्राला हे नाव कुणी दिलं? तिथं कोश हात वर करतो. कुणी म्हणतं एका भुताच्या नावावरून आला, कुणी म्हणतं एका लफंग्याच्या आडनावावरून. खात्री कुणालाच नाही. कोशात शेवटी लिहिलं होतं, मूळ अज्ञात. ते दोन शब्द वाचून मी पुस्तक मिटलं. त्याचं कारण हे प्रकरण.

पांडूकाका मुंबईहून आला त्याच्या आदल्या वर्षी माझे बाबा गेले होते. ‘गेले’ असं मी आज लिहिते. तेव्हा आमच्या घरात हा शब्द कुणी उच्चारला असता, तर आयेनं उलथनं फेकून मारलं असतं. नारळी पुनवेनंतर दहाबारा दिवसांनी तिघं जण होडी घेऊन बाहेर पडले. दुपारी वारं फिरलं, पाणी काळं झालं. दोघांना चौथ्या दिवशी कोर्लईच्या बाजूला खडकांवर लाटांनी आणून टाकलं. होडीची एक फळी मिळाली, तिच्यावर बाबांनीच रंगवलेला मासा होता. बाबा मिळाले नाहीत. आमच्यात असा माणूस मिळाला नाही की त्याला मेला म्हणत नाहीत. जाणती माणसं म्हणाली, बारा वर्षं वाट बघायची, मग गवताचा पुतळा करून जाळायचा. आये म्हणाली, “बरा हाय. बारा तं बारा.” आणि चुलीपुढं जाऊन बसली.

आमचं घर म्हणजे खाडीच्या तोंडाशी दोन खोल्या, पुढं अंगण आणि अंगणात बोंबील वाळत घालायच्या बांबूच्या वलांड्या. पहाटे कावळ्यांचा कालवा, मग खाडीतून बाहेर पडणाऱ्या होड्यांच्या इंजिनांची टकटक, मग अलिबागला जाणाऱ्या रिक्षांचे भोंगे. मी डोळे मिटून सांगू शकत असे कुठली टकटक कुणाच्या होडीची. आयेला तर झोपेतही कळे. बाबांच्या होडीच्या टकटकीत मधेच एक ठोका चुकत असे, आणि ते गेल्यावरही कुठल्या तरी नव्या इंजिनाचा ठोका चुकला की तिचा भाकरी थापणारा हात थांबे. नुसता थांबे. मग पुन्हा सुरू होई.

रोज संध्याकाळी ती तांदळाची एक भाकरी जास्त करी, आणि सुकटीचं कालवण वाटीभर बाजूला काढून झाकून ठेवी. दर्यावरच्या माणसाला भूक फार लागते. सकाळी ती झाकलेली भाकरी माझ्या वाट्याला येई. सांगायला लाज वाटते, पण मला ती फार आवडे. रात्रभर मुरलेलं कालवण, कडा वातड झालेली भाकरी. बापाच्या ताटातलं खाऊन मी वाढले, असं मी गमतीनं सांगते तेव्हा लोक हसतात. दर आठ दिवसांनी आये बाबांचा निळ्या चौकड्यांचा सदरा धुऊन वलांडीच्या टोकाला वाळत घाली. न वापरलेला, न मळलेला सदरा. वाऱ्यानं फुगला की लांबून खरोखर कुणीतरी हात पसरून उभं असल्यासारखं दिसे. माझा भाऊ जनू बाबा गेले तेव्हा दीड वर्षांचा होता. त्याला बाबांचा चेहरा आठवत नव्हता, तो सदराच ठाऊक होता. रात्री झोपताना मी त्याला बाबांच्या गोष्टी सांगे. बाबा दारात येताना कसे दोनदा खोकतात आणि मग कसे ओरडतात, “कुठं गेला माझा बोईट?” बोईट म्हणजे खाडीतला चपळ मासा. ते जनूचं लाडकं नाव, आणि बाबांखेरीज त्या नावानं त्याला कुणी हाक मारत नसे. तेवढं एक मी राखून ठेवलं होतं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या कोळणींच्या डाव्या हातात बांगड्या असतात आणि उजवा हात मोकळा असतो. लग्नात उजव्या हातातल्या बांगड्या दर्याला देतात. त्या दर्यानं ठेवून घ्यायच्या आणि बदल्यात आमचा माणूस सांभाळायचा, असा हा ठराव. आयेचा डावा हात बाबा गेल्यावरही हिरवागार भरलेला होता. कुणी त्याकडं बघितलं तर ती पदर ओढून घेत नसे, उलट हात जरासा पुढं करी.

अशात, पांडूकाका येऊन वर्ष-दीड वर्ष झाल्यावर, आमच्या लाडक्या शब्दाला सरकारी नोकरी लागली. रेशनकार्डांवरची बोगस नावं शोधून काढायची मोहीम निघाली. मेलेल्या, मुंबईला गेलेल्या, मुळात कधी जन्मालाच न आलेल्या माणसांच्या नावानं लोक तांदूळ, साखर, रॉकेल उचलत होते, हे खरंच होतं. आमच्या आळीत एकाच्या कार्डावर त्याचा बैलही होता, असं पांडूकाका सांगे. आता घरोघर साहेब येणार, नावं वाचणार, माणसं मोजणार. ‘बोगस’ शब्द साहेबाच्या कागदावर छापून आलाय म्हटल्यावर पांडूकाकाची छाती फुगली. “बगा,” तो म्हणाला, “मी आणला, सरकारनं उचलला.”

साहेब अलिबागहून आला. एकटाच, हातात वही, कपाळावर घाम, चपलांना मासळीचे खवले चिकटलेले. वाईट माणूस नव्हता. आमच्या दारात उभा राहून त्यानं कार्डावरची नावं वाचली. आये, मी, जनू, सगळ्यांनी मान हलवली. मग त्यानं बाबांचं नाव वाचलं.

आता इथं चूक झाली, आणि ही चूक आम्हीच करावी. माणूस पाण्यावर असला की आमच्यात त्याच्याविषयी ‘नाही’ हा शब्द काढत नाहीत. कुणी विचारलं घरात आहे का, तर ‘नाही’ म्हणायचं नाही. ‘पाण्यावर हाय’ म्हणायचं. कधी येणार, तर ‘भरतीला’. दर्या ऐकत असतो. हे बोल पोरींच्या तोंडात दुधाच्या दातांबरोबर येतात, त्याला विचार लागत नाही. साहेबानं विचारलं, “हे कुठं आहेत?” आणि आये पटकन म्हणाली, “पाण्याव हाय.”

“कधी येतील?”

“भरतीला.”

साहेबानं घड्याळात बघितलं, खाडीकडं बघितलं. “म्हणजे पाचच्या सुमाराला. मी पलीकडची आळी करून येतो. माणूस समोर पाहिजे, अंगठा पाहिजे. नसला तर बोगस म्हणून नाव काढणार आणि खोटं सांगितलं म्हणून कार्डही जमा करून घेणार. माझा इलाज नाही, ताई.”

तो गेला आणि अंगणात बायका जमल्या. कार्ड गेलं असतं तर तांदूळ गेला असता, रॉकेल गेलं असतं. मासळी सुकवून एकट्या बाईनं दोन पोरं जगवायची म्हणजे काय, ते त्या सगळ्यांना माहीत होतं. पण आये तांदळाचं काही बोलतच नव्हती. ती खांबाला टेकून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती. “नाव काढल्यावं तो येल कुठं? आँ? येल कुठं तो?”

“मी हाय ना!” पांडूकाका म्हणाला. सगळ्यांनी वळून बघितलं. “गोदीत चार म्हयनं दुसऱ्याच्या नावानं जेवलो. एक सांज भावाच्या नावानं उभा ऱ्हाईन, त्यात काय? साहेब काय त्याला वळखतो?”

चांगुणामावशी म्हणाली, “ह्ये पोट वळखंल की आंधळासुदा.” बायका हसल्या. आये हसली नाही, रागावलीही नाही. ती आत गेली आणि खुंटीवरचा निळ्या चौकड्यांचा सदरा घेऊन आली. “घाल,” ती म्हणाली, “पन फाडू नको.”

आणि मग, वाचकहो, मी माझ्या आयुष्यातलं पहिलं नाटक बसवलं. दीड तासात. सदऱ्याची वरची दोन बटणं पांडूकाकाच्या छातीवर लागेनात, म्हणून मी गळ्यात रुमाल बांधवला. खांद्यावर जाळं दिलं. खाडीच्या वाटेनं यायचं, घरामागून नाही. डावा पाय जरा ओढायचा, बाबा ओढत तसा. दारात आल्यावर दोनदा खोकायचं. मी अंगणात उभी राहून हुकूम सोडत होते आणि पिंपासारखा पांडूकाका पुन्हा पुन्हा वाटेवरून चालत येत होता. “तसा न्हाय काका! खांदं पाडा!” बायका पदर तोंडात कोंबून हसत होत्या. फार दिवसांनी आमच्या अंगणात हसण्याचा आवाज होता, आणि तो माझ्यामुळं होता. मला चढलं. आज मुलांची नाटकं बसवताना तालमीत एखादं मूल असं चढलं की मी त्याला खाली बसवते, पाणी देते. मला तेव्हा कुणी बसवलं नाही.

पांडूकाकानं विचारलं, “खोकलो, मंग बोलू काय?” आणि मी त्याला ते वाक्य देऊन टाकलं. राखून ठेवलेलं. कुठं गेला माझा बोईट.

एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण मला जनूचीही भूमिका चांगली व्हायला हवी होती. चार वर्षांच्या पोराला नाटक म्हणून सांगितलं, तर तो साहेबासमोर खुदकन हसणार, पांडूकाकाला काका म्हणणार. म्हणून तालीम संपेपर्यंत चांगुणामावशीच्या घरात झोपलेल्या जनूला मी उठवून घरामागं नेलं, त्याचं तोंड धुतलं, केसांना पाणी लावून भांग पाडला आणि त्याच्या कानात सांगितलं, “जनू, आज भरतीला बाबा येनार हायत.” त्यानं विचारलं, “खराच?” मी म्हटलं, “देवाशप्पत.” तो जाऊन उंबऱ्यावर बसला, गुडघ्यांना मिठी मारून, खाडीकडं तोंड करून. दोन तास तो तिथून हलला नाही. मुतायलासुद्धा उठला नाही.

पुढं काय काय झालं ते मी इथंच सांगून टाकते, कारण त्या संध्याकाळचं शेवटचं वाक्य बोलून झाल्यावर मला काही सांगता येत नाही, चारचौघांतही आलेलं नाही. साहेबानं कार्ड नेलं नाही. ‘बोगस’ असं त्यानं लिहिलं नाही, ‘मयत’ असं लिहिलं, आणि लिहिताना खाली मान घालून, आयेकडं न बघता लिहिलं. आये अंधार पडायच्या आत भरतीच्या पाण्यात उतरली, डावा हात खडकावर ठेवला आणि चांगुणामावशीच्या हातून बांगड्या फोडून घेतल्या. “दर्यानं बांगड्या ठेवल्या न् मानूस बी ठेवला,” एवढंच मावशी म्हणाली, आणि तिनं खडकावरच्या काचा वेचल्या, पोरांच्या पायात जाऊ नयेत म्हणून. पांडूकाकानं सदरा तिथंच अंगणात काढला, घडी केली आणि उघड्या अंगानं घरी गेला. तो पुढं वीस वर्षं जगला. जत्रेत नाचला, हळदीत नाचला. पण तो शब्द त्याच्या तोंडून मी पुन्हा ऐकला नाही. बाकीचा कोळीवाडा मात्र बोलतच राहिला. आज माझ्या भाच्याच्या मोबाइलला रेंज नसली तरी ती बोगस असते. आमच्याकडं संध्याकाळी जास्तीची भाकरी मात्र पुन्हा झाली नाही, आणि मी सकाळी ताज्या भाकरीवर रुसून बसले, हेही खरं. जनूला दोन रात्री ताप होता. आता तो इंजिनं दुरुस्त करतो, बंदरावर त्याच्यासारखा कान कुणाचा नाही. त्याला मी त्या दिवसाविषयी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तो म्हणाला, “मना न्हाय आठवत गो ताय,” आणि पान्यानं नट आवळत राहिला.

तर त्या दिवशी पाच वाजता भरती लागली. साहेब अंगणात आला, मी त्याला पाट दिला. बायका आपापल्या दारांत उभ्या राहिल्या, आता कुणी हसत नव्हतं. खाडीच्या वाटेवर निळ्या चौकड्यांचा सदरा दिसला. मी सांगितलं होतं तसंच सगळं झालं. डावा पाय ओढत तो आला, खांद्यावर जाळं, खांदे पडलेले. मावळतीचं ऊन त्याच्या पाठीमागं होतं, तोंड नीट दिसत नव्हतं, आणि खरं सांगते, क्षणभर मीही दोन पावलं पुढं धावले. तो दारापाशी थांबला. दोनदा खोकला. आणि म्हणाला, “कुठं गेला माझा बोईट?”

जनू उंबऱ्यावरून सुटला. अंगण त्यानं कसं ओलांडलं मला दिसलंच नाही. तो पांडूकाकाच्या पायाला बिलगला, दोन्ही हातांनी, मांडीत तोंड खुपसून, आणि रडत रडत म्हणाला, “बाबा, तू इतका उशीर का केलास? आता जाव नको. बाबा, जाव नको.” पांडूकाकाच्या नाटकात हे नव्हतं. त्याचा हात हवेत तसाच राहिला. मग तो हळूच जनूच्या डोक्यावर टेकला आणि पांडूकाका म्हणाला, “न्हाय जात रं. न्हाय जात आता.”

साहेब हसला. “चला, आले एकदाचे,” म्हणत त्यानं वहीत बाबांच्या नावापुढं बरोबरची खूण केली आणि अंगठ्यासाठी शाईची डबी उघडली. आमचं काम झालं होतं. नाव राहिलं होतं, कार्ड राहिलं होतं. मी आयेकडं बघितलं, शाबासकीसाठी.

आये दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. दर्यावरून आलेल्या माणसाच्या पायांवर पाणी घालतात. ती जनूकडं बघत होती. त्याच्या हसू फुटलेल्या, शेंबडानं माखलेल्या, वर करून पांडूकाकाकडं बघणाऱ्या तोंडाकडं. तांब्या तिनं खाली ठेवला, पाणी सांडू न देता. अंगण ओलांडून ती आली, गुडघ्यांवर बसली, जनूची एकेक करून बोटं त्या पायावरून सोडवली, त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं, आणि साहेबासमोर, साऱ्या आळीसमोर, दर्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, “तुजा बापूस बुडाला रं जनू, तुजा बापूस बुडाला, ह्यो निस्ता त्याचा सदरा हाय!”